नवतारे आणि अतिनवताऱ्यांचे वर्णपट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुर्बिणीला ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग पसरवणारी बारीक रेषांची जाळी) किंवा स्पेक्ट्रोग्राफ (तो पसरलेला प्रकाश, म्हणजे वर्णपट, नोंदवणारं उपकरण) जोडून स्फोट झालेल्या ताऱ्यांचा प्रकाश तपासू पाहणाऱ्यांकडून हे प्रश्न सतत येतात. बातम्यांतून ‘टाइप १ए’ वगैरे वाचून कुतूहल चाळवलेले वाचकही हेच विचारतात. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे उत्तर लांबलं आहे. तरंगलांब्या सगळीकडे अँगस्ट्रॉममध्ये दिल्या आहेत. १० अँगस्ट्रॉम म्हणजे १ नॅनोमीटर.

तेजाचा आलेख मिळतोच; मग वर्णपट कशासाठी?

तेजाच्या आलेखावरून स्फोट केव्हा झाला, किती प्रखर होता आणि किती दिवसांत ओसरला हे कळतं. स्फोट कशाचा झाला, हे मात्र त्यावरून खात्रीनं सांगणं अवघड असतं. तोच प्रकाश तरंगलांबीनुसार पसरवला की फेकल्या गेलेल्या वायूत कोणती मूलद्रव्यं आहेत, तो किती वेगानं सुटलाय, किती तापलाय आणि वाटेत धूळ किती आहे, हे सगळं वाचता येतं. शांत ताऱ्याचा आपल्याला फक्त पृष्ठभाग दिसतो. अतिनवतारा मात्र दिवसागणिक आतपर्यंत उघडत जातो, आणि ते उघडणं नोंदवायला वर्णपटासारखं दुसरं साधन नाही.

या कामाची सुरुवात जुनी आहे. मे १८६६ मध्ये उत्तर मुकुट तारकासमूहात एक तारा अचानक नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका उजळला. विल्यम हगिन्स यांनी त्यावर स्पेक्ट्रोस्कोप रोखला, तेव्हा नेहमीच्या काळ्या रेषांसोबत हायड्रोजनच्या तेजस्वी रेषा दिसल्या. ताऱ्याभोवती तापलेला हायड्रोजन झळकतोय, हे त्या रात्री डोळ्यांनी कळलं. छायाचित्रणाची मदत नव्हती, तरी निष्कर्ष मूलतः बरोबर निघाला.

नवतारा आणि अतिनवतारा यांत नेमका फरक काय?

नवताऱ्यात तारा नष्ट होत नाही. एक श्वेतबटू (इंधन संपलेल्या ताऱ्याचा लहान, दाट अवशेष) आपल्या जोडीदार ताऱ्याकडून हायड्रोजनयुक्त वायू ओढत राहतो. तो वायू पृष्ठभागावर साचतो, तळाशी दाब आणि तापमान वाढत जातं आणि एका क्षणी तिथे अणुसंमीलन अनावर होतं. साचलेला थर उडून जातो, श्वेतबटू शिल्लक राहतो आणि पुन्हा वायू साठवू लागतो. उडालेलं द्रव्य साधारण सूर्याच्या वस्तुमानाच्या लाखाव्या ते दहाहजाराव्या भागाइतकं असतं.

अतिनवताऱ्यात एकतर श्वेतबटू पूर्णच जळून विखुरतो (टाइप १ए), किंवा सूर्याच्या सुमारे आठपटींहून जड ताऱ्याचा गाभा कोसळतो आणि बाहेरची आवरणं फेकली जातात. तेज नवताऱ्याच्या हजारो पट असतं. वर्णपटात हा फरक लगेच जाणवतो: नवताऱ्यात वेग सेकंदाला काही शे ते काही हजार किलोमीटर असतात, अतिनवताऱ्यात सुरुवातीला दहा हजार आणि त्याहूनही जास्त. म्हणून अतिनवताऱ्याच्या रेषा इतक्या रुंद असतात की पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्या रेषा वाटतच नाहीत, नुसते चढउतार वाटतात.

वर्णपट हाती आला की आधी काय पाहायचं?

हायड्रोजन. ६५६३ जवळची एच-आल्फा आणि ४८६१ जवळची एच-बीटा आहे की नाही, हे आधी ठरवा. मग रेषेचा आकार पाहा. प्रसरण पावणाऱ्या वायूची खूण म्हणजे ‘पी सिग्नी’ आकृतिबंध. हंस तारकासमूहातल्या पी सिग्नी या ताऱ्यावरून हे नाव पडलं. त्यात उंचवट्याच्या निळ्या बाजूला एक दरी असते. ताऱ्याच्या सर्व बाजूंना पसरलेला वायू उत्सर्जन करतो, त्यानं मूळ तरंगलांबीभोवती उंचवटा तयार होतो. पण आपल्या आणि ताऱ्याच्या मधोमध असलेला वायू ताऱ्याचा प्रकाश शोषतो, आणि तो वायू आपल्याकडे येत असल्यानं शोषण निळ्याकडे सरकतं. दरीचा तळ जिथे आहे तिथून वेग मिळतो.

अतिनवताऱ्यांचे प्रकार कसे ठरतात?

१९४१ मध्ये रुडॉल्फ मिंकोवस्की यांनी १४ अतिनवताऱ्यांचे वर्णपट समोर ठेवून दोन गट पाडले: नऊ बरेचसे एकसारखे होते, त्यांना टाइप १ म्हटलं, पाच वेगळे होते, ते टाइप २. आजची व्याख्या तिथूनच आली. हायड्रोजन नाही तो टाइप १, हायड्रोजन आहे तो टाइप २.

पुढे टाइप १ चे भाग पडले. सिलिकॉनची ६१५० च्या आसपासची खोल दरी दिसली तर १ए. सिलिकॉनची ती दरी नाही पण हेलियम आहे, तर १बी. दोन्ही नाहीत, तर १सी. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी: ही विभागणी दिसण्यावरून झाली, कारणांवरून नाही. १बी आणि १सी यांची नावं १ए ला जवळची असली तरी त्यांचं नातं टाइप २ शी आहे. तेही जड ताऱ्यांच्या गाभ्याचे कोसळच असतात. फक्त स्फोटाआधी त्या ताऱ्यांनी आपलं हायड्रोजनचं, आणि १सी मध्ये हेलियमचंही, आवरण वाऱ्यांतून किंवा जोडीदाराला देऊन गमावलेलं असतं.

टाइप २ मध्ये ‘२एन’ नावाचा गट आहे. त्यात रुंद रेषांवर अरुंद हायड्रोजन रेषा बसलेल्या असतात, कारण स्फोटाचं द्रव्य ताऱ्यानं आधीच सोडलेल्या वायूवर आदळत असतं. ‘२बी’ सुरुवातीला टाइप २ दिसतो आणि काही आठवड्यांत १बी सारखा होतो. १९९३ मध्ये एम ८१ दीर्घिकेतला एसएन १९९३जे (एसएन म्हणजे सुपरनोव्हा, अतिनवतारा) याचं गाजलेलं उदाहरण. ‘२पी’ आणि ‘२एल’ हे भेद मात्र तेजाच्या आलेखावरून पडतात, वर्णपटावरून नाही. नवखे इथे हमखास गोंधळतात.

वेग कसा काढायचा? एक उदाहरण करून दाखवाल का?

समजा एका टाइप १ए मध्ये सिलिकॉनच्या दरीचा तळ तुम्हाला ६१५० वर मिळाला. स्थिर स्थितीत ही रेषा ६३५५ ला असते. फरक २०५. त्याला ६३५५ नं भागून प्रकाशाच्या वेगानं, म्हणजे सेकंदाला ३ लाख किलोमीटरनं गुणलं, की सुमारे ९,७०० येतात.

पण हा आकडा अजून अपुरा आहे. ज्या दीर्घिकेत स्फोट झाला ती आपल्यापासून दूर जात असते आणि त्यानं सगळा वर्णपट तांबड्याकडे सरकलेला असतो. समजा दीर्घिकेचा वेग सेकंदाला १,५०० किलोमीटर आहे. तर सगळ्या तरंगलांब्या आधी १.००५ नं भागायच्या. ६१५० चे ६११९ होतात, फरक २३६ वर जातो आणि वेग येतो सुमारे ११,१०० किलोमीटर. एवढ्या जवळच्या दीर्घिकेतही दीड हजारांचा फरक पडला. दूरच्या दीर्घिकेत ही दुरुस्ती विसरली तर मोजमाप निरुपयोगीच. म्हणून वेग नोंदवताना दीर्घिकेचा कोणता वेग धरला तेही लिहा.

प्रकार कळला, बातमीही झाली. मग पुन्हा पुन्हा वर्णपट कशाला घ्यायचे?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचाही हाच आहे. पहिल्या वर्णपटानं स्फोटाला नाव मिळतं. खरा अभ्यास त्यानंतरच्या वर्णपटांतून होतो.

स्फोटानंतर द्रव्य मुक्तपणे पसरू लागलं की जो थर जास्त वेगवान तो बाहेर आणि जो संथ तो आत, अशी रचना आपोआप होते. सुरुवातीला हे द्रव्य इतकं दाट असतं की प्रकाश फक्त वरच्या थरांतून बाहेर पडतो. पसरत जाईल तसं ते विरळ होतं, आणि सकाळचं धुकं विरताना आधी जवळचं, मग लांबचं दिसू लागावं तसे आतले थर एकामागून एक नजरेत येतात. म्हणून वर्णपटाची तारीख म्हणजेच खोली. सिलिकॉनच्या दरीचा वेग रोज थोडाथोडा कमी होताना दिसतो, तो सिलिकॉनचा वेग मंदावतोय म्हणून नाही. आपली नजर अधिक संथ, अधिक आतल्या थरापर्यंत पोचतेय म्हणून.

काही महिन्यांनी द्रव्य पारदर्शक होतं आणि तेजोमेघासारखा वर्णपट दिसतो. टाइप १ए मध्ये तेव्हा लोह आणि कोबाल्टच्या रुंद उत्सर्जन रेषा उरतात. स्फोटात तयार झालेलं निकेल-५६ सुमारे सहा दिवसांच्या अर्धायुष्यानं कोबाल्ट-५६ होतं, आणि ते ७७ दिवसांच्या अर्धायुष्यानं लोह-५६. अतिनवताऱ्याचं तेज याच क्षयावर टिकतं. ५८९० जवळची कोबाल्टची रेषा ४७०० जवळच्या लोहाच्या तुलनेत आठवड्यागणिक दुबळी होत जाते. किरणोत्सर्गी क्षय चालू असताना त्याचा आलेख असा थेट प्रकाशात उमटतो. २०१४ मध्ये एम ८२ दीर्घिकेतल्या एसएन २०१४जे मधून कोबाल्ट-५६ चे गॅमा किरणही ‘इंटिग्रल’ उपग्रहानं टिपले, त्यामुळे ही साखळी दोन्ही बाजूंनी पक्की झाली.

गाभा कोसळलेल्या ताऱ्यांत याच टप्प्यावर ६३०० आणि ६३६४ च्या ऑक्सिजनच्या, तसंच ७२९१ आणि ७३२४ च्या कॅल्शियमच्या रेषा येतात. ऑक्सिजनच्या रेषेला दोन शिखरं दिसली तर स्फोट सर्व बाजूंना सारखा झाला नव्हता, अशी शंका घ्यायला जागा असते. एसएन १९८७ए मध्ये सुमारे दीड वर्षानं उत्सर्जन रेषांची शिखरं निळ्याकडे सरकली: आत धूळ तयार झाली होती आणि पलीकडच्या, आपल्यापासून दूर जाणाऱ्या वायूचा प्रकाश तिनं अडवला होता.

आणि कधीकधी प्रकारच बदलतो. एनजीसी ७३३१ दीर्घिकेतला एसएन २०१४सी सापडला तेव्हा साधा १बी होता. काही महिन्यांनी त्यात हायड्रोजनची जोरदार रेषा उगवली, कारण स्फोटाची लाट ताऱ्यानं पूर्वी टाकून दिलेल्या हायड्रोजनच्या कवचाला जाऊन भिडली. ‘१बी आहे, नेहमीचाच’ म्हणून सगळे थांबले असते तर हे कळलंच नसतं.

स्फोटानंतरच्या पहिल्या काही तासांत एवढं काय असतं?

ताऱ्याचे शेवटचे दिवस त्यात असतात. स्फोटाची लाट पृष्ठभाग फोडून बाहेर येताना अतिनील आणि क्ष-किरणांचा झोत सुटतो. तो झोत ताऱ्याभोवतीच्या वायूला आयनीभूत करतो (त्याच्या अणूंतले इलेक्ट्रॉन उडवतो) आणि त्या वायूच्या अरुंद रेषा चमकतात. थोड्याच काळात स्फोटाचं द्रव्य त्या वायूला गाठून गिळतं आणि रेषा कायमच्या जातात.

एसएन २०१३एफएस चा पहिला वर्णपट स्फोटानंतर अवघ्या सहा तासांच्या आसपासचा आहे. त्यावरून असं निघालं की त्या ताऱ्यानं स्फोटाआधीच्या साधारण वर्षभरात बरंच द्रव्य फेकलं होतं. म्हणजे कोसळण्यापूर्वी तारा आतून अस्वस्थ झाला होता. १९ मे २०२३ रोजी कोइची इतागाकी यांनी एम १०१ दीर्घिकेत एसएन २०२३आयएक्सएफ शोधला, तेव्हाही आयनीभूत हेलियम, कार्बन आणि नायट्रोजनच्या अशाच रेषा दिसल्या आणि आठवड्याभरात मावळल्या. तो इतका जवळचा आणि तेजस्वी होता की हौशी निरीक्षकांच्या छोट्या दुर्बिणींनीही त्या रेषा टिपल्या. त्या आठवड्यात मोठ्या दुर्बिणींवर ज्या रात्री कोणी नव्हतं, त्या रात्रींच्या नोंदी अशा निरीक्षकांमुळे आज हाताशी आहेत.

नवताऱ्याचा वर्णपट कसा बदलत जातो?

नवताऱ्यांचे वर्णपट मला अतिनवताऱ्यांहून देखणे वाटतात, कारण रेषा अरुंद असतात आणि प्रत्येक बदल डोळ्यांदेखत घडतो.

कमाल तेजाच्या आसपास पी सिग्नी आकाराच्या हायड्रोजन रेषा असतात. त्यासोबत काय दिसतं यावरून रॉबर्ट विल्यम्स यांनी १९९२ मध्ये दोन वर्ग मांडले: आयनीभूत लोहाच्या रेषा ठळक असतील तर ‘लोह वर्ग’, हेलियम आणि नायट्रोजनच्या रेषा ठळक असतील तर ‘हेलियम-नायट्रोजन वर्ग’. दुसऱ्या वर्गात रेषा सहसा जास्त रुंद असतात आणि नवतारा लवकर ओसरतो. अलीकडच्या दाट नोंदींमधून असं दिसू लागलंय की अनेक नवतारे आधी हेलियम-नायट्रोजन, मग लोह, मग परत हेलियम-नायट्रोजन अशा अवस्थांतून जातात. पहिली अवस्था इतकी थोडा वेळ टिकते की पूर्वी ती निसटून जायची. तेव्हा वर्ग सांगताना कमाल तेजापासून कितवा दिवस आहे हे सांगायलाच हवं. नाहीतर ते विधान अर्धवट राहतं.

पुढे वायू विरळ झाला की निषिद्ध रेषा येतात. दाट वायूत अणूंच्या टकरीच इतक्या होतात की या रेषांना वाव मिळत नाही, म्हणून त्यांचं येणं हाच विरळपणाचा पुरावा. दोनदा आयनीभूत ऑक्सिजनच्या ४९५९ आणि ५००७ या त्यांतल्या सर्वांत ठळक. इथेच एक फसगत होते. लोह वर्गात ४९२४, ५०१८ आणि ५१६९ हे लोहाचं त्रिकूट असतं. नवताऱ्याच्या रेषा दहा-वीस अँगस्ट्रॉम रुंद असताना ५०१८ चं लोह आणि ५००७ चा ऑक्सिजन यांतला फरक डोळ्यांनी कळत नाही. शिवाय हेलियमची एक रेषा ५०१६ ला आहे, ती वेगळीच. उपाय सोपा आहे: जोडीदार शोधा. ५१६९ ठळक असेल तर ते लोह. ५१६९ मावळली आणि तरी ५०१० च्या आसपासचा उंचवटा वाढतोय, शेजारी ४९५९ ला त्याच्या सुमारे एक तृतीयांश उंचीची रेषा आलीय, तर तो ऑक्सिजन. हेलियमची शंका असेल तर ५८७६ पाहा.

काही नवताऱ्यांत नंतर ६३७५ ची अतिशय आयनीभूत लोहाची रेषा दिसते, तीच सूर्याच्या प्रभामंडळातही असते. निऑनच्या ३८६९ आणि ३९६८ या रेषा जोरदार असतील तर श्वेतबटू ऑक्सिजन-निऑनचा असण्याची शक्यता पुढे येते. धूळ तयार झाली की रेषांची तांबडी बाजू खाली बसते.

नवा तारा दिसला म्हणजे तो नवतारा असतोच का?

नाही, आणि हे तपासणं हेच छोट्या दुर्बिणीचं सर्वांत उपयोगी काम. बटू नवताऱ्याच्या उद्रेकात श्वेतबटूभोवतीची वायूची तबकडी उजळते, द्रव्य फेकलं जात नाही. वर्णपटात निळं सातत्य (रेषांखेरीजचा सलग प्रकाश) आणि हायड्रोजनची रुंद शोषणं दिसतात, पी सिग्नी नाही. मीरासारखा दीर्घकालीन चलतारा असेल तर टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे लगेच ओळखू येतात. साध्या ग्रेटिंगचा अर्ध्या तासाचा वर्णपट हा निकाल लावतो.

पुनःपुन्हा स्फोट पावणाऱ्या नवताऱ्यांचं वेगळेपण काय?

सगळेच नवतारे कधीतरी पुन्हा स्फोट पावत असणार. काहींचं अंतर माणसाच्या आयुष्यात बसतं, एवढाच भेद. १८६६ मध्ये हगिन्सनी पाहिलेला टी कोरोनी बोरिॲलिस १९४६ मध्ये पुन्हा उजळला. भुजंगधारीतला आरएस ऑफियुकी १९८५, २००६ आणि २०२१ मध्ये उजळला; त्याआधीच्याही नोंदी आहेत.

या दोघांचे जोडीदार तांबडे राक्षसी तारे आहेत. आरएस ऑफियुकीत स्फोटाचं द्रव्य त्या राक्षसाच्या दाट वाऱ्यात घुसतं आणि त्याला खीळ बसते. वर्णपटात रुंद रेषा दिवसागणिक अरुंद होत जाताना दिसतात. अतिनवताऱ्यातही वेग घटताना दिसतो, पण तिथे नजर आत जात असते. इथे द्रव्यच खरोखर मंदावतं. या टकरीत कण इतके वेगवान होतात की २०२१ च्या उद्रेकात हेस आणि मॅजिक या दुर्बिणींना अत्युच्च ऊर्जेचे गॅमा किरण मिळाले.

अशा ताऱ्याचा शांत काळातला वर्णपट जमेल तेव्हा घेऊन ठेवावा. तुलनेला तोच लागतो आणि उद्रेक सुरू झाल्यावर तो मिळण्याची वेळ गेलेली असते.

नवताऱ्यांत नवी मूलद्रव्यं तयार होतात का?

होतात. धनिष्ठा तारकासमूहात ऑगस्ट २०१३ मध्ये उजळलेल्या व्ही३३९ डेल्फिनी या नवताऱ्यात सुबारू दुर्बिणीनं ३१३० च्या जवळ बेरिलियम-७ च्या रेषा शोधल्या. बेरिलियम-७ चं अर्धायुष्य ५३ दिवस आणि त्याचं लिथियम-७ होतं. इतकं अल्पायुषी द्रव्य त्या वायूत सापडतं, म्हणजे ते त्याच स्फोटात बनलं. आकाशगंगेतलं लिथियम कुठून आलं या जुन्या प्रश्नाच्या उत्तराला त्यामुळे भक्कम आधार मिळाला. ही तरंगलांबी वातावरणातल्या ओझोनच्या काठावर आहे, त्यामुळे ते काम उंचावरच्या मोठ्या दुर्बिणींचं.

छोट्या दुर्बिणीनं हे खरंच जमतं का? कोणतं उपकरण घ्यावं?

जमतं. अतिनवताऱ्याच्या रेषा इतक्या रुंद असतात की १०० च्या आसपासची विभेदनक्षमता (जवळच्या तरंगलांब्या वेगळ्या दाखवण्याची क्षमता) प्रकार ठरवायला पुरते. कॅमेऱ्यापुढे फिल्टरसारखं बसणारं, मिलिमीटरला १०० रेषांचं ग्रेटिंग तेवढं देतं. त्याला प्रकाश आत सोडणारी अरुंद फट नसते, त्यामुळे तारा नेमका धरून ठेवण्याची कसरत वाचते. पण शेजारच्या ताऱ्यांचे वर्णपट एकमेकांवर चढतात आणि आकाशाचा उजेड सगळीकडून आत येतो.

फटीचा, ६०० च्या आसपास विभेदनक्षमतेचा स्पेक्ट्रोग्राफ ही पुढची पायरी. नवताऱ्यांसाठी माझा कौल यालाच. पी सिग्नीच्या दऱ्या, लोहाचं त्रिकूट, निषिद्ध रेषा हे सगळं त्यात नीट सुटं दिसतं. १०,००० च्या घरातली उपकरणं तेजस्वी नवताऱ्यांच्या रेषांची अंतर्गत रचना दाखवतात. मंद अतिनवताऱ्यावर ती वापरणं म्हणजे मोजका प्रकाश उगाच पसरवणं.

मोजमापात सर्वांत जास्त चुका कुठे होतात?

वातावरणातल्या ऑक्सिजनचे पट्टे ६८७० आणि ७६०० ला प्रत्येक वर्णपटात असतात. ते ताऱ्याचे नाहीत. त्यातून टाइप १ए मधली ७७७४ ची ऑक्सिजन रेषा निळ्याकडे सरकून ७५०० च्या आसपास येते आणि ७६०० च्या पट्ट्याला चिकटते. जवळच्या एखाद्या साध्या ताऱ्याचा वर्णपट त्याच उंचीवर घेतला की कुठलं काय ते स्पष्ट होतं. त्याच ताऱ्यानं उपकरणाचा प्रतिसादही (कोणत्या रंगाला ते किती संवेदनशील आहे) काढता येतो, तेव्हा ही दहा मिनिटं वाचवू नका.

दीर्घिकेचा उजेड हा दुसरा सापळा. अतिनवतारा एखाद्या हायड्रोजन मेघाजवळ असेल तर त्या मेघाची अरुंद एच-आल्फा तुमच्या वर्णपटात येते आणि साधा स्फोट २एन भासतो. ६५८४ ची नायट्रोजन आणि ६७१६, ६७३१ ची गंधक रेषाही अरुंद दिसत असेल तर संशय मेघावर घ्या. फटीच्या दोन्ही बाजूंचं आकाश नीट वजा केलं तर बरंच निस्तरतं.

नवताऱ्यात उलट अडचण येते. एच-आल्फा इतकी प्रखर होते की बाकी वर्णपट नीट येईपर्यंत ती कॅमेऱ्यात भरून जाते, शिखर सपाट कापलं जातं आणि रेषेची उंची, आकार दोन्ही खोटे होतात. लांब उघडझापीसोबत (उघडझाप म्हणजे कॅमेरा प्रकाश घेत राहतो तो काळ) एक छोटी घ्या आणि एच-आल्फा त्या छोटीतून मोजा.

ग्रेटिंगमध्ये ३५०० च्या निळ्या प्रकाशाची दुसरी कोटी (ग्रेटिंगनं पाडलेला दुसरा, अधिक पसरलेला वर्णपट) ७००० वर येऊन पडते, त्यामुळे तांबड्या टोकावर विश्वास जपून ठेवा. तारा क्षितिजाजवळ असेल तर वातावरण निळा आणि तांबडा प्रकाश वेगवेगळा वाकवतं; फट उभ्या दिशेत, म्हणजे क्षितिजाला काटकोनात नसेल तर एक रंग फटीबाहेर राहतो आणि सातत्याचा उतार चुकतो.

सॉफ्टवेअरनं प्रकार सांगितला. तो मानावा का?

एसएनआयडीसारखे प्रोग्रॅम तुमचा वर्णपट जुन्या नमुन्यांशी जुळवून प्रकार, वय आणि तांबडं विस्थापन (दीर्घिका दूर जात असल्यानं वर्णपट तांबड्याकडे किती सरकला ते) सुचवतात. सुचवतात, इतकंच. कमी प्रतीच्या वर्णपटात १सी आणि जरा जुना १ए एकमेकांसारखे दिसतात. दीर्घिकेचं तांबडं विस्थापन आधीपासून माहीत असेल तर ते पक्कं धरूनच जुळवणी करा, पहिले पाच-सहा पर्याय स्वतः पाहा आणि तेजाच्या आलेखाशी वय जुळतं का तपासा.

शेकडो वर्षांपूर्वीच्या अतिनवताऱ्याचा वर्णपट आज घेता येईल?

घेतलाही आहे. १५७२ मध्ये टायको ब्राहे यांनी शर्मिष्ठा तारकासमूहात पाहिलेल्या अतिनवताऱ्याचा काही प्रकाश दूरच्या धुळीवर आदळून, लांबच्या वाटेनं आपल्याकडे उशिरा पोचतोय. त्या प्रकाश-प्रतिध्वनीवर २००८ मध्ये सुबारू दुर्बीण रोखली गेली आणि सिलिकॉनच्या दरीसकट नेहमीचा टाइप १ए समोर आला. त्याच वर्षी कॅसिओपिया-ए या अवशेषाच्या प्रतिध्वनीतून तो २बी असल्याचं कळलं, एसएन १९९३जे सारखाच. टायकोकडे दुर्बीणही नव्हती. त्यानं पाहिलेल्या प्रकाशाचं पृथक्करण चार शतकांनी झालं, यासारखी विलक्षण गोष्ट मला या सगळ्या विषयात दुसरी माहीत नाही.

विश्वाच्या प्रसरणाशी या वर्णपटांचा संबंध काय?

टाइप १ए अंतरं मोजायला वापरतात, आणि तो खरोखर १ए आहे हे वर्णपटाशिवाय ठरत नाही. १९९८ मध्ये प्रसरण वेग घेतंय हे समोर आलं, त्यासाठी २०११ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आणखी एक सुंदर परिणाम वर्णपटातच दिसतो: दूरचा अतिनवतारा सावकाश म्हातारा होतो. तांबडं विस्थापन ०.५ असेल तर दहा दिवसांचा बदल व्हायला आपल्या घड्याळात पंधरा दिवस लागतात. अवकाश प्रसरण पावत असेल तर हेच व्हायला हवं.

‘एटी’ आणि ‘एसएन’ यांत काय फरक?

नव्या शोधाला आंतरराष्ट्रीय खगोलीय संघाच्या ट्रान्झियंट नेम सर्व्हरवर आधी ‘एटी’ मिळतं. वर्णपटानं अतिनवतारा असल्याचं सिद्ध झालं की त्याचं ‘एसएन’ होतं. वर्ष आणि अक्षरं तीच राहतात.

माझे वर्णपट कुठे द्यावेत, सोबत काय लिहावं?

नवताऱ्यांसाठी हौशी वर्णपटकारांचा ‘अरास’ हा गट आणि एएव्हीएसओ या चलतारा-निरीक्षकांच्या संघटनेचा वर्णपट संग्रह, अतिनवताऱ्यांच्या वर्गीकरणासाठी ट्रान्झियंट नेम सर्व्हर. फाइल फिट्स या खगोलशास्त्रातल्या नेहमीच्या स्वरूपात द्या. उघडझापीच्या मध्याची वेळ वैश्विक वेळेत, एकूण उघडझाप, उपकरण, विभेदनक्षमता आणि तरंगलांबीचं अंशांकन (वर्णपटावर तरंगलांबीचे आकडे बसवणं) कोणत्या दिव्यानं केलं हे त्यात असू द्या. प्रतिसादाची दुरुस्ती केली नसेल तर तसं स्पष्ट लिहा. मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइली जपून ठेवा. अंशांकनाची चांगली पद्धत सापडली की त्यांवरून वर्णपट परत काढता येतो.

दोन आठवडे ढग होते, मालिकेत खंड पडला. आता पुढे घेण्यात अर्थ आहे का?

नक्कीच. मालिका एकट्यानं पूर्ण करायची नसतेच. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला कोणाकडे तरी त्या रात्री आभाळ मोकळं असतं आणि संग्रहात दोघांच्या नोंदी शेजारी बसतात. फक्त उपकरणाची जुळणी मध्येच बदलू नका, म्हणजे आधीचं आणि नंतरचं तुलनीय राहील. नवतारा तेजस्वी असताना जमेल त्या प्रत्येक रात्री, लोहाच्या रेषा मावळू लागल्या की आठवड्यातून एकदा, निषिद्ध रेषा स्थिरावल्या की महिन्यातून एकदा, असा क्रम ठेवला तर बहुतेक महत्त्वाचे बदल हाती लागतात. तो सूर्यामागे गेला तर पहाटेच्या आकाशात परत येण्याची तारीख लिहून ठेवा. तोपर्यंत बहुतेकांचं लक्ष दुसऱ्या ताऱ्याकडे गेलेलं असतं, आणि उशिराच्या टप्प्याचे वर्णपट नेमके त्याच काळात कमी पडतात.